नाव जसं ऐकू आलं तसं

जर्मनीच्या हेसेन राज्यात, कासेल शहराच्या पश्चिमेला, बाट आरोल्झेन नावाचं एक छोटं गाव आहे. वाल्डेक राजघराण्याचा राजवाडा ही या गावाची जुनी ओळख. त्या घराण्याचा वारस योसियास हा नाझींच्या एसएस दलातला बडा अधिकारी होता. बुखेनवाल्डची छळछावणी त्याच्याच हुकमतीखालच्या विभागात मोडत होती आणि १९४७ च्या बुखेनवाल्ड खटल्यात त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याच्या या गावात, एसएसच्याच रिकाम्या पडलेल्या बराकींत, १९४६ साली हरवलेली माणसं शोधणारी एक कचेरी येऊन बसली. आज तिला आरोल्झेन अर्काइव्हज म्हणतात. सुमारे तीन कोटी दस्तऐवज आणि पावणेदोन कोटी माणसांचे उल्लेख तिच्यापाशी आहेत. युनेस्कोने २०१३ साली या संग्रहाला जागतिक स्मृतिठेव्याचा दर्जा दिला. त्याच्याविषयी लिहिलं जातं ते बहुधा ‘नाझी अत्याचारांच्या पुराव्यांचं कोठार’ म्हणून. हे वर्णन खोटं नाही, पण अपुरं आहे. पुरावे साठवायला ही संस्था निघालीच नव्हती. आईला मुलगा आणि भावाला बहीण सापडावी म्हणून ती उभी राहिली. तिचं सामर्थ्य या हेतूतून आलं आणि तिच्या मर्यादाही त्यातूनच आल्या. हे लक्षात न घेता तिथले कागद वाचले, तर ज्यू कुटुंबांच्या बाबतीत ते आपली हमखास दिशाभूल करतात.

संस्थेचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकता येईल. युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, लंडनला ब्रिटिश रेडक्रॉसच्या आश्रयाने शोधकार्याला सुरुवात झाली. दोस्तांच्या फौजा जसजशा पुढे सरकल्या तसतशी ही कचेरी व्हर्सायला, मग फ्रँकफुर्टला आणि शेवटी आरोल्झेनला गेली. गाव बाँबवर्षावातून वाचलेलं होतं आणि जर्मनीच्या चार ताबाक्षेत्रांच्या साधारण मधोमध होतं, एवढंच या निवडीमागचं कारण. १९४८ पासून तिचं नाव इंटरनॅशनल ट्रेसिंग सर्व्हिस झालं. १९५५ साली कारभार आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे गेला, तो २०१२ अखेरपर्यंत तिच्याकडे राहिला. वर अनेक देशांचं मंडळ (पुढे ते अकरा देशांचं झालं) आणि खर्च जर्मन सरकारचा, ही घडी तेव्हा बसली. आजचं नाव २०१९ मधलं. करारनाम्यांचा तपशील यापलीकडेही बराच आहे, पण संस्थेचा जीव त्यात नाही. तो तिच्या कार्डांच्या खणांत आहे.

या कार्डांना मध्यवर्ती नावसूची म्हणतात. कार्डं सुमारे पाच कोटी, म्हणजे माणसांच्या जवळजवळ तिप्पट. छावणीची यादी, कारखान्याची हजेरी, दवाखान्याची चिठ्ठी, दफनाची नोंद, निर्वासितांची यादी, अशा कुठल्याही कागदावर एखाद्याचं नाव आलं की त्या उल्लेखासाठी एक कार्ड तयार व्हायचं: नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि मूळ कागद कुठे आहे त्याचा क्रमांक. एकच माणूस दहा कागदांवर असेल तर त्याची दहा कार्डं. यापुढची योजना मला फार मोलाची वाटते. जो शोध घ्यायला आला त्याच्या अर्जाचंही कार्ड होई आणि ते याच खणांत, हरवलेल्या माणसाच्या नावाखाली लावलं जाई. १९४७ साली कुणी मुलाचा शोध मागितला आणि त्या मुलाचं नाव असलेला कागद १९५५ साली आरोल्झेनला पोचला, तर दोन्ही कार्डं शेजारी शेजारी येत. अर्जदाराला पुन्हा दार ठोठवावं लागत नसे. त्याचा प्रश्न खणात उत्तराची वाट पाहत थांबलेला असे. संगणकाचा गंध नसलेल्या काळात ‘अजून उत्तर नाही’ ही अवस्थासुद्धा जपून ठेवणारी ही रचना होती. अभिलेखागारं सहसा मिळालेल्या गोष्टी सांभाळतात. इथे न मिळालेल्या माणसालाही जागा दिलेली होती.

पण दोन कार्डं शेजारी यायची तर नाव एकच असायला हवं, आणि खरी अडचण तिथेच होती. पोलंडमधल्या ज्यू माणसाचं नाव घरात यिडिशमध्ये उच्चारलं जाई, शाळेत पोलिश कारकून ते आपल्या पद्धतीने लिही, छावणीत जर्मन वळणाने टंकलेखित होई आणि सुटकेनंतर अमेरिकन किंवा फ्रेंच माणूस ते कानाला लागलं तसं उतरवून घेई. आब्रामोविच या एका आडनावाची आठशेहून जास्त रूपं या सूचीत आढळतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय गाव विचारतात आणि वहीतून घराणं काढून दाखवतात. इथे गावाचाही भरवसा नव्हता, कारण गाव तिथेच राहून त्याचं नाव, सरहद्द आणि राज्य बदललेलं होतं. लेम्बर्ग, ल्वुफ आणि ल्विव्ह हे एकच शहर. म्हणून अक्षरांऐवजी उच्चारावर आधारलेला क्रम ठरवण्यात आला. सारखे ऐकू येणारे व्यंजनगट एकत्र धरायचे, स्वरांच्या फरकाला फार महत्त्व द्यायचं नाही, नाव जुळलं की जन्मतारखेने पुढे जायचं. जन्मतारखेचीही खात्री नसे. छावणीतल्या निवडीच्या रांगेत कामाला लायक दिसावं म्हणून पोरसवदा मुलांनी वय वाढवून सांगितलेलं असे. तेव्हा खणापाशी उभा राहणारा माणूस नुसता नियम पाठ असलेला असून भागत नसे. कुठल्या भाषेचा कारकून कुठला आवाज कसा लिहील याचा अंदाज त्याला करावा लागे. सुरुवातीला हे काम करणाऱ्यांत स्वतः विस्थापित झालेली अनेक भाषांची माणसं होती. पुढे गावातल्या लोकांनी ते उचललं. १९९० च्या दशकाअखेरीस सगळी कार्डं स्कॅन झाली, पण त्यांचा क्रम मात्र या मंडळींनी कानाने लावलेलाच राहिला.

या शोधाला भावनेइतकीच व्यवहाराची बाजूही होती. नवरा मेला हे कागदावर सिद्ध झाल्याशिवाय विधवेला पुनर्विवाह करता येत नव्हता, वारसांना घर मागता येत नव्हतं. म्हणून १९४९ साली आरोल्झेनमध्येच एक खास नोंदणी कार्यालय उघडलं, छावण्यांत मेलेल्यांचे मृत्यूचे दाखले देण्यासाठी. पश्चिम जर्मनीने १९५० च्या दशकात नुकसानभरपाईचे कायदे केले तेव्हा ‘अमुक काळ अमुक छावणीत होतो’ याचा पुरावा लोक आरोल्झेनकडे मागू लागले. एका कार्डावर पेन्शन अवलंबून असे. दुसरीकडे, जगलेल्या कुटुंबांच्या मदत-अर्जांचे गठ्ठे इथे आहेत. युद्धानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने ते भरून घेतले. त्यात गेल्या काही वर्षांतला प्रत्येक पत्ता, धंदा, बरोबरची बायकामुलं, आणि पुढे कुठे जायचंय व मायदेशी का परतायचं नाही, हे प्रश्न आहेत. छावणीच्या कार्डावर माणूस क्रमांक म्हणून येतो. या अर्जांत तो पुन्हा कुणाचा तरी बाप असतो, शिंपी असतो, त्याला पॅलेस्टाइनला किंवा अमेरिकेला जायचं असतं. ज्यू निर्वासित कुटुंबांचा इतिहास लिहायचा तर मला हे अर्ज छावण्यांच्या नोंदींहून मोलाचे वाटतात.

जे वेळेवर निसटले त्यांची कागदोपत्री अवस्था आणखी विचित्र होती, आणि तिचं एक टोक महाराष्ट्रात आहे. १९३३ नंतर जर्मनी-ऑस्ट्रियातले काही ज्यू मुंबईला आले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ साली मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारलं गेलं आणि ब्रिटिश सरकारने जर्मन पासपोर्टवाल्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडलं. त्यांत हे ज्यूही होते. अहमदनगरच्या स्थानबद्ध छावणीत त्यांना नाझी पक्षाच्या माणसांशेजारी राहावं लागलं. चौकशीनंतर त्यांच्यातल्या बहुतेकांची सुटका झाली. पुढे नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने फर्मान काढून देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्व एका फटक्यात रद्द केलं. एका सरकारच्या दप्तरात जर्मन म्हणून शत्रू आणि दुसऱ्याच्या दप्तरात जर्मनच नव्हे, अशी ही माणसं होती. त्यांच्यासारख्यांचे मागे राहिलेले आईवडील शोधायचे झाले की वाट पुन्हा आरोल्झेनकडे वळते.

आणि तिथे पुष्कळदा काहीच सापडत नाही. या संग्रहाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. आउशवित्झमध्ये सुमारे अकरा लाख माणसं मारली गेली, त्यांतली बहुतेक ज्यू. जे गाडीतून उतरल्यावर थेट गॅसकोठड्यांकडे नेले गेले त्यांची छावणीत नावनिशी नोंदच झाली नाही. नोंद झाली ती कामासाठी निवडलेल्यांची, सुमारे चार लाखांची. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक इथे येणाऱ्यांची नावं लिहून घेण्याचं कारणच नव्हतं. लिथुआनिया, युक्रेन, बेलारूसमधल्या खड्ड्यांपाशी ज्यांना गोळ्या घातल्या त्यांचे फक्त आकडे वर कळवले गेले. त्यात आउशवित्झचे बरेचसे कागद एसएसने पळता पळता जाळले. उलट बुखेनवाल्ड आणि डाखाऊचे कागद अमेरिकन सैन्याच्या हाती मोठ्या प्रमाणात शाबूत लागले. म्हणजे कागद कुठे दाट आणि कुठे विरळ हे दुःखाच्या प्रमाणावर ठरलं नाही. मारणाऱ्यांना कुणाचे श्रम हवे होते आणि कुठली फौज कुठे आधी पोचली, यावर ठरलं. इथे जपलेल्या कैद्यांच्या वस्तूंचंही तसंच आहे. घड्याळं, अंगठ्या, घरच्यांचे फोटो असलेली ही पाकिटं वारसांना परत देण्याचं काम संस्था मनापासून करते आहे. पण त्यांतली बहुतेक पोलिश, युक्रेनी, रशियन अशा कैद्यांची आहेत. ज्यूंच्या वस्तू नावानिशी जपण्याऐवजी लूट म्हणून सरकारजमा होत.

यावर एक आक्षेप सरळ आहे. जे कागद आहेत तेही खुन्यांनीच लिहिलेले, मग त्यांवर विश्वास का ठेवायचा? मृत्युपुस्तकांत तरण्याताठ्या माणसांच्या नावापुढे ‘हृदयक्रिया बंद’ असं रांगेने लिहिलेलं आहे, ते खोटं आहे. आक्षेप रास्त आहे, पण त्याने कागद बाद होत नाहीत. खोटं कारण लिहिणारा कारकून नाव आणि तारीख मात्र बहुधा बरोबर लिहितो, कारण भाकरीचा हिशेब आणि कारखान्यांना दिलेल्या कैद्यांचं भाडं त्यावर चालतं. ठरावीक मिनिटांच्या अंतराने एकाच आजाराने माणसं मेली असं दिसलं की ती यादीच आपल्या खोटेपणाची साक्ष देते. शिवाय छावणीच्या कचेरीत लिहिणारे हात बरेचदा कैद्यांचेच होते. तेव्हा प्रश्न विश्वासाचा उरत नाही. कुठला रकाना कुणाच्या गरजेसाठी भरला होता, हे ओळखता आलं पाहिजे.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. या कागदांत आजार आहेत, समलैंगिकतेचे आरोप आहेत, कुणी कुणाविरुद्ध दिलेल्या जबान्या आहेत. याच कारणावरून संग्रह अनेक वर्षं अभ्यासकांना बंद राहिला. मला ही भूमिका समजते आणि तरीही ती चुकीचीच वाटते. वाचलेले लोक म्हातारे होऊन मरत होते. सक्तीच्या मजुरांना भरपाई देण्याची योजना आल्यावर लाखो अर्ज तुंबून पडले होते. ज्यांचं खासगीपण जपायचं म्हणत होते तेच लोक उत्तराची वाट पाहत जात होते. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने आणि वाचलेल्यांच्या संघटनांनी लावून धरल्यावर २००६ मध्ये निर्णय झाला. अकराही देशांची संमती गोळा होता होता नोव्हेंबर २००७ उजाडला आणि मग दार उघडलं. इतक्या वर्षांची ही दिरंगाई माफ करावी असं कारण मला सापडत नाही.

आता कोट्यवधी कागद इंटरनेटवर आहेत. हजारो स्वयंसेवक घरबसल्या जुन्या कार्डांवरची नावं उतरवून देतात, काही वाचन यंत्राकडून होतं. हे स्वागतार्ह आहे, पण यातून एक नवा धोका उभा राहिला आहे. पूर्वी नातवाचं पत्र आलं की खणांपाशी उभं राहणारं माणूस विचार करी: नाव असं असेल तर कारकुनाने ते कसं लिहिलं असेल? आता नातू स्वतः एका चौकटीत आडनाव टाइप करतो, एकाच वर्णरचनेत, आणि पडद्यावर काही आलं नाही तर समजतो की काही नाहीच. कागद असून सापडला नाही, कागद जळाला, की कागद कधी झालाच नाही, या तिन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात. कुटुंबाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि होलोकॉस्ट घडलंच नाही म्हणणारे याच कोऱ्या पडद्याचा वापर करतात. नाव नाही तर मेला कोण, असं विचारतात. या प्रश्नाचं उत्तर आरोल्झेनपाशी एकट्याने नाही. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने नातलगांकडून, शेजाऱ्यांकडून साक्षपत्रं भरून घेत आणि इतर याद्या जोडत मृतांच्या नावांची संख्या पन्नास लाखांच्या घरात नेली आहे. मारणाऱ्यांनी न लिहिलेली नावं तिथे आप्तांनी लिहिली. आरोल्झेनचा शोध तिथल्या शोधाशी ताडून पाहिल्याशिवाय पुरा मानू नये.

म्हणून शोधाचं पान रिकामं येतं तेव्हा तिथे ‘निकाल नाही’ एवढंच लिहून थांबू नये. त्या गावातले लोक कुठे नेले गेले, तिथे नोंदी होत होत्या का, त्यांतल्या किती उरल्या, हे तिथेच सांगितलं जावं. उच्चारांचे नियम जाणणारी माणसं निवृत्त होण्याआधी त्यांचं ज्ञान यंत्राच्या शोधात उतरवलं जावं, आणि ते उतरेपर्यंत त्या जागा खर्चकपातीत कापल्या जाऊ नयेत. ज्यांच्या घरात युरोपातल्या हरवलेल्या नातलगाची आठवण आहे, त्यांनी इंटरनेटवरच्या रिकाम्या पानावर न थांबता आरोल्झेनला लेखी विचारणा करावी. नावाचे जेवढे उच्चार घरात चालत होते तेवढे सगळे लिहावेत, जन्मगावाची जुनी-नवी नावं द्यावीत. ही विचारणा आजही विनाशुल्क आहे.