वसा-ऊतक संकलन, लेसर-साहाय्यित

वसा-ऊतक संकलन, लेसर-साहाय्यित : त्वचेखालील वसा-ऊतक (चरबी साठविणाऱ्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) लेसर प्रकाशाच्या साहाय्याने सैल करून चूषणाने बाहेर काढणे व त्याच व्यक्तीच्या शरीरात अन्यत्र रोपण करता येईल अशा जिवंत स्थितीत ते मिळविणे, ह्या क्रियेस ही संज्ञा लावतात. व्यवहारात ज्यास लायपोसक्शन म्हणतात त्या नेहमीच्या वसाचूषणात बाहेर आलेली चरबी टाकून द्यावयाची असते. ती जिवंत आहे की मृत, ह्यास महत्त्व नसते. संकलनात मात्र तीच मुख्य वस्तू होय. वसाचूषणात लेसरचा वापर मुळात चरबी फोडण्यासाठी सुरू झाला, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या विषयातील अडचण स्पष्ट होते : ज्या उष्णतेने ऊतक सुटे होते, तिनेच कोशिका मरतात.

वसा-ऊतकाची रचना : वसा-ऊतकाच्या आकारमानाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग वसा-कोशिकांनी व्यापलेला असतो, परंतु कोशिकांची संख्या मोजली, तर त्या निम्म्याहूनही कमी भरतात. उरलेल्यांत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या कोशिका, रक्तातून आलेल्या कोशिका, तंतुजनक कोशिका आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांलगत राहणाऱ्या मूल कोशिका (ज्यांपासून अन्य प्रकारच्या कोशिका तयार होऊ शकतात अशा कोशिका) असतात. वसा-कोशिका ही तेलाचा एक मोठा थेंब व त्याभोवती जीवद्रव्याचा पातळ थर अशी असल्यामुळे दाब, घर्षण व ऑक्सिजनाचा अभाव तिला फार वेळ सोसत नाही. मूल कोशिका त्या मानाने चिवट असतात. रक्तपुरवठा तुटल्यावर वसा-कोशिका सु. एका दिवसात मरू लागतात, तर मूल कोशिका सु. तीन दिवस तग धरू शकतात, असे टोकिओ येथील संशोधकांना आढळले. रोपित चरबी टिकते म्हणजे काय, हे ह्यावरून कळते. रोपण केलेल्या गोळ्याच्या कडेचा केवळ सु. ०.३ मिमी. जाडीचा थर आहे तसा जगतो. त्याच्या आतील पट्ट्यात जुन्या वसा-कोशिका मरतात व तेथील मूल कोशिकांपासून नव्या तयार होतात. गाभा मात्र मृत होऊन त्या जागी तेलाची पुटी किंवा वण राहतो. म्हणून चरबी बारीक धाग्यांच्या रूपात, अनेक थरांत विखरून भरावी लागते.

इतिहास : हाताच्या चरबीचे लहान तुकडे घेऊन चेहऱ्यावरील खोलगट वण भरण्याची शस्त्रक्रिया जर्मन शस्त्रक्रियाविशारद गुस्टाफ नॉयबर ह्यांनी १८९३ मध्ये वर्णिली. अशा रोपणाचे वजन वर्षभरात सु. निम्म्याने घटते, असे लिंडन पीअर ह्यांनी १९५० मध्ये दाखविले आणि ही पद्धत बरीच मागे पडली. चरबी ओढून काढण्याचे तंत्र इटलीत फिशर पितापुत्रांनी १९७० नंतरच्या दशकात बसविले. पॅरिसचे इव्ह-झेरार इलूझ ह्यांनी १९७७ च्या सुमारास बोथट टोकाची नलिका व ऊतकात आधी द्राव भरण्याची रीत आणून ते अधिक निर्धोक केले. अमेरिकन त्वचारोगतज्ञ जेफ्री क्लाइन ह्यांनी लिडोकेन व ॲड्रेनॅलीन असलेला अतिविरल द्राव मोठ्या प्रमाणात भरून, पूर्ण भूल न देता व फारच थोड्या रक्तस्रावात ही क्रिया करता येते हे दाखविले (१९८७). पुढे सिडनी कोलमन ह्यांनी पिचकारीच्या सौम्य चूषणाने चरबी काढून, अपकेंद्रित्राने तीतील तेल व पाणी वेगळे करून ती सूक्ष्म थेंबांत भरण्याची शिस्त घालून दिल्यावर वसारोपणास पुन्हा प्रतिष्ठा लाभली.

चूषणाने निघालेल्या चरबीत मूल कोशिका असल्याचे पट्रिशा झुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. टाकून द्यावयाचा पदार्थ रातोरात मौल्यवान ठरला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ह्या कोशिकांपासून प्रयोगशाळेत अस्थी, उपास्थी (कूर्चा) व वसा ह्यांच्या कोशिका बनविता येतात, आणि तेवढ्याच आकारमानाच्या अस्थिमज्जेपेक्षा चरबीत त्या कितीतरी पट अधिक मिळतात.

लेसरचे कार्य : त्वचेस लहानसा छेद देऊन बारीक प्रकाशीय तंतू वसा-थरात घालतात व तो मागेपुढे फिरवितात. परिणाम मुख्यतः तरंगलांबीवर अवलंबून असतो. आरंभीची उपकरणे १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निओडिमियम-याग लेसरची होती व त्यांपैकी एकास अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. हा प्रकाश पाण्यात फारसा शोषला जात नाही, त्यामुळे तो ऊतकात दूरवर पसरतो व बराच भाग तापवितो. ९८० नॅनोमीटरच्या अर्धसंवाहक लेसरांचाही पुष्कळ वापर झाला. १,४७० नॅनोमीटरचा प्रकाश मात्र पाण्यात १,०६४ नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा शंभर पटींहून अधिक शोषला जातो. आधी भरलेला द्राव आणि वसा-कोशिकांच्या पुंजक्यांना बांधणारे संयोजी ऊतक ही दोन्ही जलयुक्त असल्यामुळे उष्णता प्रथम त्यांतच निर्माण होते व पुंजके एकमेकांपासून सुटतात. तंतूच्या टोकाशी प्रकाश एका बिंदूवर न रोखता सभोवार फेकला, तर एकाच जागी कोळसा होणेही टळते. संकलनासाठी लेसर वापरण्यामागील युक्तिवाद तो हाच : चरबी फोडावयाची नाही, तिची बांधणी तेवढी सोडवावयाची.

युक्तिवाद योग्य असला, तरी त्याची मर्यादा अरुंद आहे. उष्णतेने होणारी हानी तापमान व कालावधी ह्या दोहोंवर ठरते. सु. ४३° से. च्या वर प्रत्येक अंशागणिक कोशिकेचा सहनकाल साधारणपणे निम्मा होतो. म्हणजे ४३° से. ला जी हानी होण्यास एक तास लागतो, ती ४९° से. ला एका मिनिटाच्या आत होते. त्वचा घट्ट व्हावी म्हणून खोलवर ४५° ते ५०° से. तापमान मुद्दाम गाठले जाते. त्वचा आवळणे व जिवंत चरबी मिळविणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत साधतात असे सांगितले जाते, त्याकडे ह्या गणिताच्या प्रकाशात पाहावे. अगोदर कमी ऊर्जेने चरबी सोडवून ती काढून घेणे व नंतर उरलेल्या थरास उष्णता देणे, हा क्रम तर्कास अधिक धरून आहे.

प्रयोगांचा पुरावा एकमुखी नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये लेसर-साहाय्यित व साध्या चूषणाने काढलेल्या चरबीची तुलना केली, तेव्हा लेसरच्या चरबीतून मूल कोशिका कमी मिळाल्या, त्यांतील जिवंतांचे प्रमाण कमी भरले व अस्थी भरून काढण्याची त्यांची क्षमताही उणी ठरली. १,४७० नॅनोमीटरच्या लेसरसंबंधीचे काही निष्कर्ष अधिक अनुकूल आहेत. फरकाचे कारण तरंगलांबीत आहे, तसेच मोजणीच्या रीतीतही आहे. रंजकद्रव्य आत शिरू न देणारी कोशिका जिवंत समजली जाते. परंतु उष्णतेचा धक्का बसलेली कोशिका त्या घटकेला ही कसोटी उतरून दुसऱ्या दिवशी मरू शकते. संवर्धनात वसाहती किती तयार होतात व प्राण्यात रोपण केलेली चरबी काही महिन्यांनी किती उरते, ह्या कसोट्या खऱ्या होत. केवळ ‘९० टक्के जिवंत’ ह्या आकड्याला, तो कोणत्या वेळी व कशा रीतीने काढला हे कळल्याशिवाय, फारसा अर्थ नाही.

वसारोपण व मूल कोशिका-उपचार : काढलेली चरबी धुऊन, गाळून त्याच व्यक्तीस भरणे ही शस्त्रक्रिया होय. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरची पुनर्रचना, भाजल्याचे वण, चेहऱ्याची जन्मजात किंवा अपघाती विरूपता ह्यांत तिचा चांगला उपयोग होतो. चरबीवर कोलॅजिनेज ह्या एंझाइमाची क्रिया करून कोशिकांचा मिश्र अंश वेगळा काढणे व तो सांध्यात किंवा रक्तात टोचणे, ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे. दोहोंची सरमिसळ जाहिरातींत वारंवार आढळते. अमेरिकेत असा अंश औषध ठरतो की शस्त्रक्रियेचा भाग, हा वाद न्यायालयात गेला व २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो औषध असल्याचा निर्णय दिला. भारतात भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी २००७ मध्ये मूल कोशिकांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१३ च्या आवृत्तीत शीर्षकातील ‘उपचार’ हा शब्दच गाळण्यात आला, कारण बहुतेक उपयोग अद्याप संशोधनाच्या पायरीवर होते. २०१७ च्या आवृत्तीनुसार रक्तजनक मूल कोशिकांच्या मान्य रोपणाव्यतिरिक्त अन्य वापर चिकित्सा-चाचणीतच करावयाचा आहे. मूल कोशिकांपासून केलेले उत्पादन औषध म्हणून वापरावयाचे झाल्यास ते २०१९ च्या नियमांप्रमाणे ‘नवीन औषध’ ठरते.

रुग्णाच्याच कोशिका बाहेर काढून, त्यांवर संस्कार करून परत देण्याच्या उपचारास किती टप्पे पार करावे लागतात, ह्याचे जवळचे उदाहरण मुंबईच्या पवई उपनगरात आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९५८) रक्ताच्या काही कर्करोगांवर ‘कार-टी’ उपचार विकसित झाला. त्यात रुग्णाच्या रक्तातील टी-कोशिका वेगळ्या करून त्यांत नवे जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवितात व त्या पुन्हा शरीरात सोडतात. टाटा स्मारक केंद्रात रुग्णांवर चाचण्या झाल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. ‘कोशिका तुमच्याच आहेत, मग धोका कसला व परवानगी कशाला?’ हा युक्तिवाद येथे कोणी केला नाही. वसाजन्य कोशिकांनाही तो लागू पडत नाही. क्रोन रोगातील गुदनालव्रणासाठी दात्याच्या चरबीतील मूल कोशिकांपासून बनविलेल्या औषधास यूरोपीय संघात २०१८ मध्ये मान्यता मिळाली होती. पण पुढील मोठ्या चाचणीत ते परिणामकारक ठरले नाही व २०२४ च्या अखेरीस ते बाजारातून काढून घेण्यात आले.

धोके : लेसरने त्वचा भाजणे, द्राव साठणे व पृष्ठभाग खडबडीत होणे हे स्थानिक दोष होत. लिडोकेनाची एकूण मात्रा वजनाच्या प्रमाणात मर्यादित ठेवावी लागते. नितंबात भरलेली चरबी स्नायूंतील मोठ्या नीलांत शिरून फुप्फुसात अडकल्याने मृत्यू घडले आहेत. म्हणून तेथे ती स्नायूत न भरता त्वचेखालीच भरतात. स्तनात राहिलेल्या तेलपुटीभोवती कॅल्शियम साचते व क्ष-किरण तपासणीत ते कर्करोगाच्या खुणेपासून ओळखून काढावे लागते, ह्यासाठी रोपणापूर्वीचे चित्र जपून ठेवणे इष्ट असते. भरलेल्या चरबीचा काही भाग शोषला जाणारच असल्यामुळे काही महिन्यांनी दुसऱ्यांदा रोपण करावे लागण्याची शक्यता रुग्णास आधीच सांगतात.