ब्रँडचे रंग आणि त्यांचा शेजार

ब्रँडसाठी रंगसंगती ठरवताना बहुतेक उद्योजक 'कोणता रंग घ्यावा' या प्रश्नापासून सुरुवात करतात, आणि लाल म्हणजे उत्साह, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग अशी ठोकळेबाज समीकरणे त्यासाठी हाताशी असतातच. प्रत्यक्षात सुटा रंग फार थोडे सांगतो. तो कोणत्या रंगाशेजारी आणि किती प्रमाणात येतो यावर त्याचे दिसणे अवलंबून असते, आणि ग्राहकाच्या लक्षात राहते तेही रंगांमधले हे नाते.

या नात्याचा पद्धतशीर शोध घेतला तो मिशेल यूजेन शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोब्लँ येथील चित्रमय गालिचांच्या कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख असताना तिथला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी तुलना केली, तेव्हा रंगात काहीच खोट नसून निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारामुळे काळ्याचा जोर कमी होतो, असे त्याच्या ध्यानात आले. शेजारचे रंग एकमेकांचे रूप पालटतात या परिणामाला, म्हणजे समकालिक विरोधाला, त्याने १८३९ च्या ग्रंथात नियमाचे रूप दिले.

हळदीच्या पाकिटावर हा नियम सहज पडताळता येतो. माल दिसावा म्हणून पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवली आणि भोवती हळदीपेक्षाही भडक पिवळा रंग छापला, तर आतली उत्तम सांगलीची हळदही मळकट भासते. भोवतीचा रंग गडद जांभळा केला, तर रंगचक्रावर पिवळ्याच्या समोर येणारा, म्हणजे त्याचा पूरक रंग शेजारी आल्याने तीच हळद उजळते. मात्र तिखट, धणेपूड, गरम मसाला या प्रत्येकासाठी अशी स्वतंत्र जोडी शोधत गेल्यास फळीवर चार कंपन्यांचा माल मांडल्यासारखे दिसेल. रंगाचा वर्ण, त्याचा उजळपणा आणि त्याची तीव्रता, म्हणजे करड्यापासून तो किती दूर आहे, हे तीन गुण इथे वेगवेगळे हाताळावे लागतात: उजळपणा आणि तीव्रता सर्व पाकिटांवर सारखी ठेवून वर्ण तेवढा बदलला, आणि नावाची पट्टी सगळीकडे एकाच रंगात ठेवली, की वेगळेपण राखूनही घराणे एक दिसते.

प्रमाणाचे महत्त्व भारतीय न्यायालयानेही मानले आहे. कोलगेट आणि अँकर यांच्या दंतमंजनाच्या डब्यांवरून झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये, नावे निराळी असूनही, एक तृतीयांश लाल आणि दोन तृतीयांश पांढरा या मांडणीला अंतरिम संरक्षण दिले. लाल आणि पांढरा हे रंग कोणाच्याही मालकीचे नाहीत. जपण्याजोगी ठरली ती त्यांची ठरावीक वाटणी आणि क्रम, कारण अक्षरे न वाचणारा ग्राहक डबा ओळखतो तो त्यांवरूनच. त्यामुळे रंग निवडतानाच मुख्य रंग कोणता आणि दुय्यम कोणता हे ठरले पाहिजे. तीन रंगांना समान जागा देणे ही नव्या ब्रँडची सर्वांत महागात पडणारी चूक होय.

निवडलेले रंग कागदावर टिकतील की नाही, हा प्रश्न उरतो. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो, तर छापखाना सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई वापरतो, म्हणून मोबाइलवर झळाळणारा निळा किंवा नारिंगी पुठ्ठ्याच्या खोक्यावर हमखास मंदावतो. ज्या कागदावर छपाई व्हायची त्याच कागदावर नमुना काढून तो दुकानाच्या उजेडात पाहणे यासाठी अपरिहार्य आहे. मजकुराचीही वेगळी पारख करावी लागते: वेबसाइटच्या प्रचलित निकषांनुसार सर्वसाधारण आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे लागते, आणि पांढऱ्यावरच्या शुद्ध पिवळ्या अक्षरांसाठी ते जेमतेम १.०७ भरते.