पिंगळ्याचा हरवलेला भाऊ

शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेशेजारी एखादं म्हातारं आंब्याचं झाड असतंच. तिन्हीसांजेला त्याच्याखाली उभं राहून बघा. ढोलीतून दोन पिवळे डोळे तुमच्यावर रोखले जातील, डोकं खाली-वर होईल आणि मग सुरू होईल चिर्र-चिर्र कलकलाट! हा आपला पिंगळा. वीतभर उंचीचं घुबड, डोक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. किडे, उंदीर मिळाले की स्वारी खूश.

याचा एक भाऊ आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या सागवनात राहतो. रानपिंगळा! उंची जवळपास तेवढीच, पण डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, चोच आणि पंजे दांडगे. आणि गंमत म्हणजे हा चक्क दिवसा शिकार करतो. फांदीवर बसून शेपटी झटाझट हलवतो आणि सरडा दिसला की झडप!

1873 साली ह्यूम नावाच्या पक्षी-अभ्यासक साहेबांनी त्याला नाव दिलं, तेही वेगळ्या वंशात टाकून. पुढे डीएनए तपासला तेव्हा कळलं, दोघंही अथेनी याच वंशातले.

पण मधे हा भाऊ हरवलाच होता. 1884 नंतर कुणालाच सापडेना. मायनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सांगितलं, 1914 मध्ये मला गुजरातेत मिळाला. लोक तिथेही शोधत बसले. पामेला रासमुसेन या संशोधिकेने त्याचा तो पेंढा भरलेला पक्षी नीट तपासला आणि बिंग फुटलं! तो खानदेशातला जुनाच नमुना होता, संग्रहालयातून चोरून, नवं लेबल लावलेला. मग पामेलाताई आणि त्यांचे दोन सोबती खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळले. 25 नोव्हेंबर 1997 ला, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उन्हात रानपिंगळा समोर बसलेला! तब्बल 113 वर्षांनी. मला तर हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

जगभरच्या प्राण्यापक्ष्यांची एक लाल यादी असते. तिच्यात पिंगळ्याची काळजी नाही, कारण त्याला गाव, शेत, पडकी भिंत, सगळं चालतं. रानपिंगळ्याला मात्र विरळ सागवनच लागतं, आणि तेच तोडलं जातंय. आधी तो 'अतिसंकटग्रस्त' होता. नव्या जागी सापडत गेला, म्हणून 2018 मध्ये 'संकटग्रस्त' झाला. एकच पायरी, पण चांगल्या बाजूला.

मेळघाटात गेलात आणि सकाळी उन्हात बसलेला पिंगळा दिसला, तर आधी त्याचं डोकं बघा. ठिपके असले तर तो आपल्या आंब्यावरचाच. नसले, तर लगेच वही काढा!