पडायला शिकलेली विमानं

1937 साली अमेरिकेतल्या कालामाझू गावी वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं मॉडेल विमान रेडिओच्या इशाऱ्यावर उडवलं, तेव्हा त्यांना शिकवायला कोणीच नव्हतं. पुढे मात्र या छंदात गुरूवाचून पान हलेनासं झालं.

त्याला कारण बाल्सा. लाकूड हलकं, ब्लेडने कापता येईल असं. पण विमानाचं नाक जमिनीत घुसलं की चुरा. ‘सिग कॅडेट’सारखी शिकाऊ विमानं किटमधून येत आणि जोडायला कित्येक संध्याकाळी खात. रचना मात्र शहाणी होती. पंख धडाच्या वर, टोकं किंचित उचललेली, त्यामुळे ट्रान्समीटरची काठी सोडली की विमान आपणहून सावरू पाही. पंख रबरबँडने बांधलेला, म्हणजे आपटल्यावर तुटण्याऐवजी निसटावा. एवढं करूनही एकट्या नवख्याचा खेळ बहुधा पहिल्याच उड्डाणात आटोपायचा. म्हणून क्लबमध्ये दोन ट्रान्समीटर ‘बडी कॉर्ड’ने जोडत. शिष्याचं चुकलं की गुरू बटण सोडून विमान आपल्या ताब्यात घेई.

ज्याच्या गावात क्लबच नाही, त्याने काय करायचं?

उत्तर फोममधून आलं. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीच्या मल्टिप्लेक्स कंपनीने ‘इझीस्टार’ आणलं. इंजिनाचा धूर नाही, मिथेनॉल आणि एरंडेलाचा चिकटा नाही. विजेची मोटर, तीही पंखामागे उंचावर. विमान नाकावर पडलं तरी प्रोपेलर आणि मोटर शाबूत राहत. विमान कलवणारे पंखांवरचे एलेरॉन नव्हतेच, फक्त शेपटीवरचे रडर आणि एलिव्हेटर. फोमचे दोन तुकडे झालेच, तर फेविक्विकच्या जातीच्या गोंदाने तिथल्या तिथे जोडायचे. पोचा आला तर गरम पाण्याने फुगवायचा. टिकाऊपणाचा अर्थच बदलला: सकाळी मोडलेलं विमान दुपारी पुन्हा हवेत. दिसायला म्हणाल तर सुबक कॅडेटपुढे अगदीच ओबडधोबड, पण स्वतःच शिकणाऱ्याला यापेक्षा भला सोबती तोवर क्वचितच मिळाला असेल.

मग इलेक्ट्रॉनिक्सने गुरूची जागा घेतली. ‘अप्रेंटिस एस’ या शिकाऊ विमानात ‘सेफ’ नावाची यंत्रणा आली. नवख्याच्या मोडमध्ये ती विमानाला ठरावीक मर्यादेपलीकडे कलू देत नाही, आणि घाबरून बटण दाबलं की विमान सरळ करते. सोय मोठी खरी, पण प्रोपेलर पुन्हा नाकावर गेला. पुढे ‘एअरोस्काउट’ने हीच यंत्रणा ठेवून प्रोपेलर मागे नेला. एकट्याने शिकणाऱ्याने पहिली खरेदी याच घडणीची करावी.

एक अडचण मात्र गुड बंधूंच्या काळापासून तशीच आहे. विमान समोरून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि हात चुकीकडे जातो. त्यावर मैदानावरची जुनी युक्ती अजून चालते: जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काठी ढकलायची.