रेडिओच्या कारखान्यातले दिवस

आज खिशातल्या मोबाईलवर गाणी लागतात, बातम्या लागतात. त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पण आमच्या लहानपणी गावात रेडिओ म्हणजे मोठी नवलाई होती. चावडीवर एक पेटी असे. दिवेलागणीला माणसे घोंगडी टाकून तिच्यापुढे बसत. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्को या संस्थेच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यात एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची मंडळे काढली. पुणे केंद्रावरून शेतीचा कार्यक्रम लागे. मंडळी तो एकत्र बसून ऐकत, मग त्यावर चर्चा करीत. शंका असली तर केंद्राला कळवीत.

ही पेटी बोलते तरी कशी? ती करतो कोण? त्याची ही हकीकत. कारण अशा पेट्या करण्यात आमची वीस वर्षे गेली.

आम्ही कोण?

आम्ही सातारा, रत्नागिरी, नगर या भागांतून मुंबईला गेलेली माणसे. १९६६ साली आम्ही रेडिओच्या कारखान्यात लागलो. मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको ही रेडिओंची नावे तेव्हा लहान पोरांनाही पाठ होती. आमच्या कारखान्याचे नाव येथे सांगत नाही. काम सगळीकडे साधारण सारखेच होते.

परळच्या चाळीत गावकीची एक खोली होती. तीत आम्ही चौदाजण राहत होतो. जेवण खानावळीत. सकाळी लोकलने कारखाना गाठायचा. भोंगा झाला की फाटक बंद. उशीर झाला की पगार कापला जाई.

कारखान्यात बायकाही पुष्कळ होत्या. कॉईल गुंडाळण्याचे काम त्यांच्याकडे असे. केसासारखी बारीक तांब्याची तार. तिचे ठरलेले वेढे ठरल्या जागी बसले पाहिजेत. वेढा कमीजास्त झाला तर केंद्र भलत्याच जागी लागणार. त्या बायकांत एक वयाने मोठ्या होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत.

पेटीच्या आत काय असते?

रेडिओ केंद्रावरून लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या सगळीकडे पसरतात. तुमच्या घरावर बांधलेल्या तारेपर्यंत येतात, तेव्हा त्यांचा जोर फार थोडा उरलेला असतो. एवढ्याशा जोरावर कर्ण्यातून आवाज कसा निघणार?

येथे व्हॉल्व्ह कामाला येतो. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. पाटाच्या पाण्याचे दार तुम्ही पाहिले आहे ना? दार हलवायला एका माणसाचा जोर पुरतो, पण त्यातून सगळ्या शिवाराचे पाणी सुटते. व्हॉल्व्हचे तसेच आहे. हवेतून आलेली दुबळी लहर म्हणजे दार हलवणारा हात. घरातली वीज म्हणजे पाटाचे पाणी. लहर जशी हलते, तशी मोठी वीज कमीजास्त होते. शेवटी ती कर्ण्याचा कागद थरथरवते. तोच आवाज.

व्हॉल्व्ह आत तापल्याशिवाय काम करीत नाही. म्हणून जुना रेडिओ लावला की लगेच बोलत नसे. थोडा वेळ गुपचूप बसे, मग घसा साफ केल्यासारखा बोलू लागे.

रंगांची बाराखडी

पेटीत सुतळीच्या गाठीएवढे लहान भाग असतात. त्यांना रेझिस्टन्स म्हणतात. ते वीज अडवून ठेवतात. कोणता किती अडवतो, हे त्यावर लिहायला जागा नसते. म्हणून त्यावर रंगांचे पट्टे काढतात. प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा. काळा म्हणजे ०. तपकिरी १. तांबडा २. नारिंगी ३. पिवळा ४. हिरवा ५. निळा ६. जांभळा ७. करडा ८. पांढरा ९.

पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे. तिसरा पट्टा सांगतो, पुढे किती शून्ये द्यायची. आता वाचून बघा : तपकिरी, काळा, नारिंगी. एक, शून्य, आणि पुढे तीन शून्ये. झाले १०,०००.

आमच्यातल्या कित्येकांना तेव्हा सही करता येत नव्हती. पण ही बाराखडी सगळ्यांनी महिनाभरात पाठ केली. एकदा मावशी म्हणाल्या, ‘‘रंग वाचता येतात, तर अक्षरं का येणार नाहीत?’’ चाळीजवळच्या शाळेत रात्रीचा वर्ग भरत असे. दुसऱ्या दिवसापासून त्या तिथे जाऊ लागल्या. त्यांच्या मागोमाग आमच्यातलेही काही गेले.

डाख देण्याचे काम

आमचे स्वतःचे काम डाख देण्याचे. एका पेटीत शंभराच्या वर जोड असत. प्रत्येक जोडाला डाख द्यावा लागे. डाख म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे. पाणी १०० अंशांवर उकळते. हा डाख २०० अंशांच्या आतच वितळतो.

कल्हईवाला तुमच्या दारात आलेला तुम्ही पाहिला असेल. तो आधी भांडे तापवतो. मग नवसागर टाकून भांडे साफ करतो. मग कथील फिरवतो. भांडे थंड असेल तर कथील धरत नाही. आमचेही तसेच. आधी तार आणि कडी दोन्ही तापवायच्या, मग त्यांवर डाख वाहू द्यायचा. फरक एवढाच की आम्ही नवसागर वापरीत नव्हतो. तो तार खाऊन टाकतो. त्याऐवजी आम्ही राळ वापरीत होतो.

नवा माणूस घाई करतो. तार तापण्याआधीच डाखाचा थेंब तिच्यावर टाकतो. किंवा डाख थिजण्याआधी तार हलवतो. असा जोड वरून जोडलेला दिसतो, पण आतून सुटा असतो. त्याला आम्ही कोरडा डाख म्हणत होतो. चांगला डाख चकचकीत दिसतो. कोरडा डाख राखेसारखा निस्तेज आणि खरबरीत दिसतो.

कोरड्या डाखाची खोड अशी, की कारखान्यात पेटी बोलते. मग ती गाडीत चढते, एस.टी.च्या टपावर बसते, शेवटी बैलगाडीत पडते. हिसके बसतात आणि जोड सुटतो. ज्या माणसाने पीक विकून रेडिओ घेतला, त्याच्या घरी पेटी मुकी होते. दुरुस्तीवाला तालुक्याला. त्याचे भाडे, त्याची मजुरी! आमचा जुना मुकादम म्हणे, ‘‘बाबांनो, हा जोड तुमच्या गावाला जाणार आहे. तुमचा चुलता तो ऐकणार आहे.’’ मुकादम तसा कडक, पण हे त्याचे बोलणे आम्हाला पटत असे.

सूर लावणे

पेटी जोडून झाली की ती तपासणीला जाई. तबलजी हातोडीने तबला सुरात आणतो ना, तसे येथे कॉईल सुरात आणाव्या लागत. कॉईलच्या आत एक लहान खिळी असते. ती थोडी आत, थोडी बाहेर फिरवायची. काटा जेथे सर्वांत वर चढेल, तेथे थांबायचे आणि वर मेण लावायचे, म्हणजे खिळी हलत नाही. यासाठी पोलादी पेचकस चालत नसे. लोखंड जवळ आले की सूरच बदलतो. म्हणून वेगळा, बिनलोखंडी पेचकस असे.

तपासणीत धोका होता. व्हॉल्व्हच्या पेटीत दोनशे-अडीचशे व्होल्टची वीज खेळते. शिवाय पेटी बंद केली तरी कंडेन्सर नावाच्या भागात वीज साठून राहते. म्हणून जुने लोक शिकवीत, एक हात खिशात ठेवा. दोन्ही हात पेटीत घातले आणि धक्का बसला, तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जाते. एक हात बाहेर असला की ती वाट बंद होते.

धूर आणि शिसे

डाख देताना पांढरा धूर निघे. तो राळेचा. तो नाकात जाऊन कित्येकांना दमा जडला. शिसे मात्र त्या धुरातून फारसे जात नाही. ते बोटांना लागते आणि भाकरीबरोबर पोटात जाते. पोटदुखी, अशक्तपणा, रक्त कमी होणे हे त्याचे परिणाम. पोटुशी बाईच्या मुलाला तर ते फारच वाईट.

हे आम्हाला कोणी नीट सांगितले नाही. जेवणाच्या सुट्टीत नळावर गर्दी. साबण नसे. पुष्कळजण हात फडक्याला पुसून डबा उघडीत. पुढे युनियनने मागणी लावून धरली. तेव्हा साबण आला आणि धूर ओढणारे पंखे बसले. आता जग याबाबत सावध झाले आहे. युरोपातल्या देशांनी २००६ पासून अशा बहुतेक वस्तूंत शिशाला बंदी केली. पण जुन्या वस्तूंच्या डाखात शिसे आहेच. घरात जुना रेडिओ असेल तर तो मुलांना खेळायला फोडून देऊ नका. भंगारासाठी चुलीत जाळू नका. हाताळला तर हात साबणाने धुवा.

ट्रान्झिस्टर आला

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. व्हॉल्व्हचे काम करणारा हा भाग हरभऱ्याएवढा. तो तापवावा लागत नाही. त्याला थोडी वीज पुरते. त्यामुळे टॉर्चच्या सेलवर रेडिओ चालू लागला. ज्या गावात विजेचा खांब नव्हता, तेथेही गुराखी ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवून रानात जाऊ लागला. गावाचे हे मोठे कल्याण झाले.

आमच्या कामावर मात्र गदा आली. ट्रान्झिस्टरची पेटी लहान, जोड कमी, माणसे कमी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळत. ते आणून एका खोलीत चार पोरे रेडिओ जोडू लागली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. पैसेवाल्यांचे लक्ष तिकडे गेले. आमच्या कारखान्यात आधी रात्रपाळी बंद झाली, मग नवी भरती बंद झाली.

कारखाना बंद होताना

१९८६ साली फाटकावर नोटीस लागली. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईत काम मिळणे मुश्किल झाले होते. सगळे घाबरले. अशा वेळी ऑफिसातून कागद आले. कागद इंग्रजीत. ‘‘येथे सही करा, नाहीतर अंगठा करा. हिशेबाचे पैसे लगेच मिळतील,’’ असे सांगण्यात आले. पुष्कळांनी अंगठे केले.

मावशींची पाळी आली. त्या म्हणाल्या, ‘‘मला मराठी वाचता येतं. हा कागद मराठीत द्या. वाचीन, मग सही करीन.’’ साहेब हसले. पण मावशी हटल्या नाहीत. मग त्यांच्यामागे आम्हीही उभे राहिलो. दोन दिवसांनी मराठी कागद आला. मावशींनी तो बोट लावून, एकेक अक्षर जुळवून वाचला. त्यात लिहिले होते, ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ मावशींनी मान वर केली. म्हणाल्या, ‘‘यात माझी खुशी कुठं आहे?’’

त्या दोन शब्दांत काय होते, ते सांगतो. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे कारखाना बंद झाला तर कामगाराला भरपाई मिळत असे. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा पगार. वीस वर्षे झालेल्याला ३०० दिवसांचा, म्हणजे सुमारे दहा महिन्यांचा पगार. स्वखुशीने राजीनामा दिला की ही भरपाई बुडाली. ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षे भरली असतील तर ती राजीनामा देणाऱ्यालाही मिळे. म्हणजे एका अंगठ्यापायी दहा महिन्यांची भाकरी जाणार होती.

सही न केलेले आम्ही युनियनबरोबर कामगार आयुक्तांच्या कचेरीत गेलो. हेलपाटे पुष्कळ झाले. दोन वर्षे लागली. पण भरपाई मिळाली. ज्यांनी आधीच अंगठे दिले होते, त्यांतल्या कित्येकांना ती मिळाली नाही. तेही आमच्याइतकेच राबले होते.

शहरात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे

तुमची मुले-मुली कामाला शहरात जातात. पुढेही जातील. कारखाने आता निराळे आहेत. कामगारांचे कायदेही नंतर बदलले. पण काही गोष्टी तेव्हा उपयोगी होत्या, तशा आजही आहेत.

नेमणुकीचा कागद मागून घ्यावा व जपून ठेवावा. पगाराची पावती टाकून देऊ नये. तिच्यावर फंडाचे पैसे किती कापले, ते पाहावे. फंडाचा क्रमांक घरच्यांनाही माहीत असावा. विषारी मालाशी काम असेल तर जेवणाआधी हात धुण्याची सोय मागावी. त्यात लाज नाही. आणि कोणताही कागद पुढे आला की आधी तो वाचावा. आपल्याला येत नाही अशा भाषेत असेल, तर आपल्या भाषेत मागावा. नाहीच दिला, तर जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. सही करायला एक दिवस उशीर झाला तरी चालतो.