आखूड नळीची बंदूक : लोकसमज आणि कायदा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कुकडी प्रकल्पाचे पाणी फिरले, उसाचे क्षेत्र वाढले आणि त्या उसातच बिबट्याने आपला संसार थाटला, तेव्हापासून मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात बंदुकीचा विषय वारंवार निघतो. आणि तो निघाला म्हणजे, घरात वावरायला आखूड नळीची बारा बोअरच बरी, एकदा परवाना हाती आला की नळी किती ठेवायची हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न, असे छातीठोकपणे सांगणारा कोणीतरी जाणकार हटकून भेटतो.

यांतील परवान्याची समजूत आधी निकालात काढली पाहिजे, कारण ती माणसाला थेट तुरुंगाची वाट दाखवणारी आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने, आत्मरक्षणासाठी अथवा क्रीडेसाठी आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या नागरिकाला कलम 13 मध्ये काहीसे झुकते माप दिले आहे खरे. परंतु ते देताना नळीची लांबी 20 इंचांहून कमी नसावी, अशी अट त्याच वाक्यात घातली आहे. पिकांच्या राखणीसाठी प्रथम विचार व्हायचा तो ठासणीच्या बंदुकीचा, आणि तेवढ्याने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरीचा. 20 इंचांहून आखूड नळीची बंदूक मात्र शस्त्र नियमावलीच्या परिशिष्टात सामान्यांच्या तिसऱ्या वर्गातून उचलून, कठोर निर्बंधांच्या पहिल्या वर्गात नेऊन बसविली आहे. बंदूक रीतसर दप्तरी नोंदलेली असली तरी करवतीने तिची नळी कापण्याची मुभा तिच्या मालकास नाही. त्यासाठी कलम 6 अन्वये स्वतंत्र परवाना लागतो, आणि तो नसता असे करणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षांची कैद आहे, जी जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. अमेरिकेतही, जिथल्या चित्रपटांतून हे आखूड बंदुकीचे वेड आपल्याकडे आले असावे, 18 इंचांखालील नळीवर 1934 पासून खास नोंदणीचे बंधन आहे.

आखूड नळीतून छर्रे इतके फाकतात की नेम धरण्याची गरजच उरत नाही, ही समजूत तर शुद्ध भाबडेपणाची होय. छर्र्यांचा फैलाव मुख्यतः नळीचे तोंड किती आवळलेले आहे यावर ठरतो, आणि ते मुळीच आवळलेले नसले तरी ढोबळ मानाने गजामागे इंचभरच वाढतो. म्हणजे चार-पाच गजांच्या ओसरीत तो जेमतेम माणसाच्या तळहाताएवढा होतो. उलट नळी तोकडी झाली की झटका आणि आवाज वाढतात, नेम बिघडतो, आणि कुणाकडे तोंड फिरले हे झोपेतून दचकून उठलेल्या माणसाच्या ध्यानात येईपर्यंत अनर्थ होऊन गेलेला असतो.

आता बिबट्याविषयी. तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्यामुळे शस्त्रपरवाना हा त्याच्या शिकारीचा परवाना ठरत नाही. माणसावर प्रत्यक्ष झडप पडली असता सद्भावनेने केलेला बचाव कलम 11 ने गुन्ह्यातून वगळला आहे. मात्र तसा मेलेला प्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो, आणि शेळी नेली म्हणून दुसऱ्या रात्री पाळतीवर बसून घातलेली गोळी त्या बचावात मोडत नाही. माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्याला मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकाने द्यावयाचा असतो. शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेडला नोव्हेंबर 2025 मध्ये बिबट्या मारला गेला, तो अशाच परवानगीने आलेल्या नेमबाजांकडून. दरोडेखोर व घरफोडे यांच्याबाबत भारतीय न्याय संहितेने कलम 34 ते 44 मध्ये आत्मरक्षणाचा हक्क मानला आहे, तोही आवश्यकतेहून अधिक इजा न करण्याच्या अटीवर.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील अर्जदारांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. भीमाशंकर अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना देण्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते, आणि अभयारण्य जाहीर झाल्यावर त्या टापूतील जुन्या परवानाधारकांनीही वनखात्याकडे आपले नाव नोंदवावे, असे वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम 34 सांगते.