दुष्काळानंतरची हिरवळ

आमचें वलगांव पेढी नदीच्या कांठीं वसलेलें आहे. पाऊस ताणला म्हणजे प्रथम नदीचें पात्र कोरडें पडतें, मग विहिरींचें पाणी खालीं जातें, आणि शेवटीं अंगणांतील हिरवळ करपून काळ्या मातीला खोल भेगा पडतात. आमच्या घरापुढील हिरवळीची एका उन्हाळ्यांत अशीच दशा झाली. तिच्यावर रोज दोन घागरी पाणी घालावें असें मला वाटे, पण आईनें निक्षून सांगितलें, "जें पाणी माणसांना पुरत नाहीं, तें गवताला मिळावयाचें नाहीं." ज्या वऱ्हाडानें १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ सोसला, तेथील घरांत हें बोलणें नवें नव्हे. तेव्हां मला वाईट वाटलें. परंतु पुढें ती हिरवळ पुनः उभी करतांना जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, वाळलेलें गवत मेलेलेंच असतें असें नाहीं. आपल्याकडील हिरवळ बहुधा हरळीची, म्हणजे ज्यांना आपण दूर्वा म्हणतों त्यांचीच, असते. हिचीं खोडें जमिनीवर पसरतात, तशींच जमिनीखालींहि पसरतात. अवर्षणांत पानें वाळतात, पण खालचें खोड जणूं निजून राहतें. खुरप्यानें माती उकरून पाहावी. खोड पांढरट व टणक असेल तर तें जिवंत. तपकिरी व मोडतांच भुगा होणारें असेल तर मृत समजावें. जिवंत भागास पाऊस पुरेसा आहे. मृत भागापुरतीच नवी लागवड करावी.

पावसापूर्वीं वाळलेला कचरा दांताळ्यानें ओढून काढावा. गाजरगवत फुलण्यापूर्वींच मुळासकट उपटावें, व लव्हाळ्याच्या गांठी खणून काढाव्या. भेगा मातीनें बुजवून वरची दोन-तीन बोटें माती मोकळी करावी व तींत चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. कच्च्या शेणांतून तणांचें बीं येतें. काळ्या जमिनींत पाणी सांचून राहतें, म्हणून थोडा उतार ठेवावा.

लागवडीच्या रीती दोन. हरळीचें बीं फारच बारीक असतें. एका चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम पुरतें. तें कोरड्या रेतींत मिसळून अर्धें उभें व अर्धें आडवें फेंकावें, वर मातीचा अगदीं पातळ थर द्यावा आणि फळीनें दाबावें. ओल टिकल्यास एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. दुसरी रीत अधिक स्वस्त. जिवंत हरळीच्या कांड्यांचे दोन-तीन सांध्यांचे तुकडे करून चार-चार इंचांवर खोंचावे. किंवा ते शेण, माती व पाणी यांत कालवून जमिनीवर गिलाव्यासारखे पसरावे. प्रत्येक सांध्यापासून मूळ व कोंब फुटतो.

मात्र मृगाचा पहिला शिडकावा होतांच घाई करूं नये. जमीन वीतभर भिजूं द्यावी. पहिल्या पावसावर भुलून कपाशी पेरणाऱ्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीचा प्रसंग कां येतो, हें आमच्या गांवांतील मुलास सांगावयास नको. मधल्या उघडिपींत कोंवळे अंकुर जळून जातात. गवत तीन इंच वाढलें म्हणजे वरचा एक तृतीयांश भागच कापावा. दाट सावलींत हरळी वाढत नाहीं. निंबाखालीं तिचा हट्ट धरूं नये.

आणखी एक सूचना. अंगणांत शोभा देणारी हरळी शेतांत शत्रु होते. तिच्यापायीं शेतकऱ्याला पुनःपुन्हां वखर धरावा लागतो. म्हणून उरलेल्या कांड्या बांधावर न टाकतां कडक उन्हांत वाळवून टाकाव्या.

आमची हिरवळ श्रावणाअखेर भरून आली, ती विहिरीचें पाणी न घेतां. हातांत खराटा घेऊन गांवें झाडणाऱ्या गाडगेबाबांचें देहावसान २० डिसेंबर १९५६ रोजीं आमच्या वलगांवाजवळच पेढीच्या कांठीं झालें. त्यांचें स्मरण करून एवढेंच म्हणावेंसें वाटतें कीं, ज्या वर्षीं पाणी नसेल, त्या वर्षीं स्वच्छ झाडलेलें अंगण हेंच घराचें भूषण मानावें. गवताला वाट पाहतां येते. तहानलेल्या माणसाला येत नाहीं.